सोफी शोल

सोफी शोलचा जन्म ९ मे १९२१ रोजी जर्मनीतील एका ल्यूथरन कुटुंबात झाला. इतर मुलींप्रमाणे तीही हिटलरच्या युवती संघटनेत उत्साहाने गेली. पण पुढे तिचे डोळे उघडले. १९४२ साली ती म्युनिक विद्यापीठात दाखल झाली. तेथे तिचा भाऊ हान्स व त्याचे मित्र ‘श्वेत गुलाब’ या नावाने गुप्त पत्रके काढीत. पोलंडमध्ये तीन लाख यहूद्यांची कत्तल झाल्याचे दुसऱ्या पत्रकात उघड लिहिले होते, आणि स्वस्थ बसणाऱ्या देशबांधवांनाही त्यात दोषी ठरविले होते. सोफीही या कार्यात सामील झाली.

१८ फेब्रुवारी १९४३ रोजी विद्यापीठात पत्रके ठेवताना ही भावंडे पकडली गेली. चौकशीत अखेर तिने आपला वाटा कबूल केला, पण पश्चात्ताप दाखविला नाही. २२ तारखेला खटला चालला व त्याच दिवशी दोघांचा आणि त्यांचा मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्ट याचा शिरच्छेद झाला. तत्पूर्वी तुरुंगाच्या पाळकांनी भावंडांना प्रभुभोजन दिले. सोफी अवघी एकवीस वर्षांची होती.

खोटे बोलू नये, असे आपण शब्बाथ शाळेत शिकवितो. सत्य ठाऊक असून गप्प राहणे हाही अपराधच, हे सोफीच्या चरित्रावरून मुलांना सांगावे, असे आम्हांला वाटते.