धर्मशास्त्र आणि बुद्धिबळ : पैठणच्या घराण्यातील नीलकंठ भट्ट

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी त्याआधी पैठणला वळसा घालून येते. या पैठणमधील विद्वान घराण्यात ज्यांचे मूळ आहे, त्या नीलकंठ भट्ट यांचे नाव धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. बुद्धिबळाचे नियम लिहून ठेवणारे ग्रंथकार म्हणून मात्र ते फारसे ठाऊक नाहीत.

नीलकंठांचे पणजोबा रामेश्वर भट्ट सोळाव्या शतकात पैठण सोडून काशीला गेले. आजोबा नारायण भट्ट यांनी तेथे घराण्याचा लौकिक वाढवला, तर वडील शंकर भट्ट हे मीमांसेचे नामवंत पंडित होते. १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' पूर्ण करणारे कमलाकर भट्ट हे नीलकंठांचे चुलतबंधू. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही याच घराण्यातील, नात्याने नीलकंठांचे चुलतपुतणे. जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यानंतरच्या तीन-चार दशकांत काशीत नीलकंठांची लेखणी चालत होती.

यमुना आणि चंबळ यांच्या संगमाजवळील भरेह येथील सेंगर राजा भगवंतदेव यांच्या आश्रयाने त्यांनी 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. मयूख म्हणजे किरण. त्यातील 'व्यवहारमयूख' पुढे ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत प्रमाण मानला गेला. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात तर त्याला विशेष मान होता. वारसांमध्ये बहिणीला वरचे स्थान आणि पतीची आज्ञा नसतानाही विधवेला दत्तक घेण्याचा अधिकार, ही त्यांची मते असंख्य कुटुंबांच्या मालमत्तेला आणि स्त्रियांच्या आधाराला कारणीभूत ठरली. १९५६ च्या हिंदू कायद्यांपर्यंत हा प्रभाव टिकून होता.

राजनीतीचे विवेचन करणाऱ्या 'नीतिमयूखा'त नीलकंठांनी बुद्धिबळालाही स्थान दिले. चौसष्ट घरांचा पट, मोहऱ्यांची मांडणी आणि चाली यांबरोबरच एकही घर पुन्हा न शिवता घोडा सर्व घरांतून फिरवण्याची करामतही त्यांनी नोंदवली. राजाच्या शिक्षणात या खेळाला जागा देणे स्वाभाविकच होते, कारण पटावर सेनाच उभी असते.

नवशिक्याने आज पट मांडला तरी त्या सेनेची ओळख पटते. राजा कोणत्याही दिशेस एक घर चालतो. हत्ती सरळ, उंट तिरपा, तर घोडा अडीच घरे चालून मध्ये आलेल्या मोहऱ्यावरून उडी घेतो. प्यादे पुढे सरकते, मारते मात्र तिरपे आणि शेवटच्या घरात पोहोचले की बढती मिळवते. राजाला शह बसला आणि सुटकेचा मार्ग उरला नाही की मात होते. फरक आहे तो वजिराचा. जुन्या खेळात तो तिरपा एकच घर सरके. त्याला आजचे सामर्थ्य पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाले. देशी खेळात किल्लेकोटाऐवजी, शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा असे. प्याद्याला पहिल्या खेपेस दोन घरे जाण्याची सवलत नव्हती.

असे नियम प्रांताप्रांतांत बदलत आणि बहुधा तोंडीच शिकवले जात. खेळणारे गेले की रीतही लोपत असे. म्हणूनच नीलकंठांच्या लेखनाचे मोल मोठे आहे. १८७३ मध्ये बर्लिनचे संस्कृतज्ञ आल्ब्रेख्त वेबर यांनी हा भाग पाश्चात्त्य अभ्यासकांसमोर आणला, आणि भारतीय बुद्धिबळाच्या इतिहासाला एक महत्त्वाचा लेखी आधार लाभला. वारसाहक्काचे तंटे सोडवणाऱ्या शास्त्रकाराने पटावरच्या प्याद्याचाही हक्क तितक्याच काटेकोरपणे लिहून ठेवला होता.