इंटरप्टला घाबरलेला प्रोग्रामर

डायक्स्ट्रा म्हटलं की आपल्याला आठवतो तो ग्राफमधला सर्वांत जवळचा रस्ता आणि त्यावर हमखास येणारा प्रश्न. पण या माणसाला खरा घोर लावला तो इंटरप्टनं.

एड्सगर डायक्स्ट्रा यांचा जन्म १९३० चा, हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणिती. लायडनला फिजिक्स शिकता शिकताच १९५२ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित संस्थेत प्रोग्रामर म्हणून लागले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी तोच व्यवसाय लिहिला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून तो नामंजूर! शेवटी भौतिकशास्त्रज्ञ असं लिहून लग्न लागलं.

त्याच सुमारास त्यांचे सहकारी लूपस्ट्रा आणि स्कोल्टन एक्स-१ हा कॉम्प्युटर बनवत होते. तोवर टाइपरायटरचं काम संपेपर्यंत प्रोसेसर ताटकळत बसे. आता तो काम सांगून पुढे निघणार आणि काम झालं की उपकरण त्याला मधेच टोकणार. सोय मोठी, पण डायक्स्ट्रा धास्तावले. हे टोकणं कुठल्याही दोन सूचनांच्या मध्ये येऊ शकतं. मग आज दिसलेली चूक उद्या पुन्हा दिसेलच असं नाही. ती शोधायची कशी? त्यांनी निर्णय काही महिने लांबवला. सहकाऱ्यांनी गोड बोलून मन वळवलं, आणि ज्याची धास्ती होती तोच प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला. १९५९ चा त्यांचा पीएचडी प्रबंध याच कामाचा.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तांत्रिक महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तिथे जेमतेम सहा जणांनी, तेही अर्धवेळ, एक्स-८ वर 'टीएचई' सिस्टीम उभी केली. नाव म्हणजे कॉलेजचीच आद्याक्षरं!

तिच्यात त्यांचा सेमाफोर होता. तो कशाला लागतो, ते हॉस्टेलच्या भाषेत सांगतो. रूममेटला पहाटे उठवायला सांगितलंत. तो आला तेव्हा तुम्ही अजून जागेच, पुस्तक मिटायच्या बेतात. उठ म्हणाला, गेला. मग तुम्ही झोपलात. आता कोण उठवणार? पेपर गेला! प्रोसेसचं अगदी हेच होतं. उत्तर आलं नाही असं पाहून ती झोपायला निघते, नेमका तेव्हाच इंटरप्ट येऊन जातो. सेमाफोर ही हाक आकड्यात जपून ठेवतो. नंतर थांबायला आलेली प्रोसेस आकडा पाहून थेट पुढे जाते.

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून ते अमेरिकेत ऑस्टिनला शिकवत होते. फाउंटन पेननं लिहिलेली, क्रमांक घातलेली त्यांची टिपणं तेराशेच्या वर गेली. ६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमध्ये न्यूनन इथे कॅन्सरनं त्यांचं निधन झालं.

२०१९ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये 'आयओ यूरिंग' आलं. प्रोग्राम एका रिंगमध्ये मागण्या टाकतो, कर्नल दुसरीत उत्तरं ठेवतो. रिंग भरली तर कोण थांबेल, रिकामी असेल तर कोण झोपेल, हा पेच डायक्स्ट्रांनी १९६५ च्या टिपणातच सोडवून दाखवला होता. इथेही प्रोग्राम थांबायच्या आधीच आलेलं उत्तर हरवत नाही. ते रिंगमध्ये तसंच पडून असतं.