मालमोटारींचे शिल्पकार : सुमंत मुळगावकर

धानाची मळणी आटोपली की लांजीच्या बाजारात पोत्यांनी भरलेल्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. कोणी बालाघाटच्या वाटेला लागते, कोणी आमगाव-गोंदियाच्या. त्या गर्दीत एक ठेंगणी, रुंद तोंडाची गाडी हमखास दिसते. हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणारे आपले गाव तिला ‘चार सौ सात’ म्हणून ओळखते. हा आकडा काही उगीच दिलेला नाही. ढोबळमानाने पहिला अंक गाडीचा भारासह टनांचा तोल सांगतो व पुढचे अंक तिच्या अश्वशक्तीचा दशकांतला हिशेब. परंतु ही गाडी ज्यांच्या कारकीर्दीत घडली त्या पुरुषाचे नाव त्या पोत्यांवर बसून जाणाऱ्या हमालास ठाऊक नसते आणि, खरे सांगावयाचे तर, आपल्यांतील पुष्कळांनाही नसते.

सुमंत मुळगावकरांचा जन्म 1906 साली मुंबईस झाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन 1929 साली ते पदवीधर झाले. स्वदेशी परतल्यावर सिमेंटच्या धंद्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्या काळी सिमेंट इकडे तयार होई, पण ते तयार करणारी अजस्र यंत्रे बोटीने परदेशातून येत. महायुद्ध पेटले आणि बोटींचा भरवसा उरला नाही. मुळगावकर ज्या असोसिएटेड सिमेंट कंपनीत होते, तिने 1947 साली चाईबासा येथे सर्वस्वी देशी यंत्रसामग्रीचा कारखाना उभा केला. यंत्र विकत घेणारा नेहमी दुसऱ्याच्या दाराशी उभा असतो, हे त्यांच्या मनावर याच वर्षांत ठसले असल्यास नवल नाही. कारण पुढील चाळीस वर्षे ते याच एका गोष्टीशी झगडत राहिले.

1949 साली ते टाटांच्या ‘टेल्को’ कंपनीत आले. 1945 साली स्थापन झालेली ही कंपनी जमशेदपूरला रेल्वेची वाफेची इंजिने बांधीत असे. 1954 साली जर्मनीतील डाइम्लर-बेंझ या विख्यात कंपनीशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि त्याच वर्षी पहिली डिझेल मालमोटार कारखान्याबाहेर पडली. गाडी इथली, पण तोंडावरचा तारा जर्मनांचा, अशी ती स्थिती होती. मग एकेक भाग इथेच घडविण्याचा क्रम सुरू झाला. 1961 साली टेल्कोची मालमोटार सिलोनला रवाना झाली. 1969 साली कराराची मुदत संपली, तेव्हा तारा उतरला आणि त्याच्या जागी टाटांचे ‘टी’ हे अक्षर आले. अक्षर बदलणे सोपे होते. आता चुकले तर विचारायला जर्मन अभियंता शेजारी नव्हता, ही गोष्ट मात्र सोपी नव्हती.

मालमोटारीची परीक्षा शेवटी डिझेलच्या खर्चावर होते. एका लिटरात किती किलोमीटर, ज्याला ड्रायव्हर ‘ॲव्हरेज’ म्हणतात, त्यावर मालकाचा संसार चालतो. हे ॲव्हरेज एकट्या इंजिनाच्या हाती नसते. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये दंतचक्रांची एक मालिका असते. पुढे गिअरची पेटी आणि मागच्या आसात पिनियन व क्राऊन ही जोडी. गणिताच्या तासाला गुणोत्तर-प्रमाण शिकताना त्याचा उपयोग काय, असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण करून पाहावे. समजा, पिनियनला 7 दाते व क्राऊनला 42 आहेत. म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा सहा वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. गाडीच्या चाकाचा घेर 2.4 मीटर धरा. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी मिनिटाला 1000 मीटर जाते, म्हणजे चाक सुमारे 417 फेरे घेते. वरच्या गिअरमध्ये दांडा आणि इंजिन एकाच गतीने फिरत असतील, तर इंजिनाला मिनिटाला 2500 फेरे घ्यावे लागतील. आता 8 व 40 दात्यांची जोडी बसवा. गुणोत्तर पाच झाले आणि त्याच वेगाला फेरे 2100 च्या आत आले. प्रत्येक फेऱ्यात घर्षणापायी, पंखा व पंप फिरविण्यापायी थोडे तेल फुकट जाते. फेरे कमी झाले की ती गळती कमी होते. शिवाय डिझेल इंजिन संथ गतीने, अंगावर भार घेऊन चालते तेव्हाच तेलाचे चीज करते.

मग सगळ्यांनाच पाचाची जोडी का बसवू नये? कारण त्या जोडीने ओढ घटते. पोत्यांनी खचाखच भरलेली गाडी चढावर आली की ड्रायव्हरला गिअर खाली आणावा लागतो, इंजिन पुन्हा घुमू लागते आणि सपाटीवर वाचविलेले तेल चढावर जळून जाते. महामार्गावरच्या गाडीला जे गुणोत्तर मानवते ते खाचखळग्यांच्या वाटेवरच्या गाडीला मानवेलच असे नाही. आणि आपल्याकडे ठरलेल्या तोलाइतकाच माल भरणारा मालक दिवा घेऊन शोधावा लागतो! परदेशी रस्त्यांसाठी आखलेली गाडी इकडे जशीच्या तशी चालत नाही ती यामुळेच. इथला भार आणि इथली वाट समोर ठेवून दाते मोजणारे अभियंते इथेच हवेत.

तसे अभियंते घडविण्यासाठी मुळगावकरांनी पुण्याची निवड केली. 1966 साली तेथे कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले. पिंपरी-चिंचवडच्या उजाड माळावर कारखाना उभा राहू लागला, परंतु पुण्यात बनलेली पहिली मालमोटार बाहेर पडली ती 1977 साली. मधली अकरा वर्षे काय चालले होते? गाड्या बनविणारी यंत्रे बनत होती, साचे बनत होते आणि मुख्य म्हणजे ती हाताळणारे तरुण कामगार शिकून तयार होत होते. विक्रीला गाडी नसताना इतका पैसा आणि इतकी वर्षे पायात घालणे हा मोठा जुगारच होता. पण दात्याचा आकार केसभर चुकला तरी गिअर कण्हतो, तापतो आणि लवकर झिजतो. उसन्या यंत्रांवर आणि अर्धशिक्षित हातांवर असले काम सोडता येत नाही. त्याच माळावर त्यांनी तळे राखले आणि हजारो झाडे लावून घेतली. कारखाना म्हणजे धूर आणि चिखल, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती.

दरम्यान 1971 साली कंपनीने सिलिंडरात थेट तेल फवारणारी इंजिने आणली. जुन्या पद्धतीत तेल आधी एका लहान कोठडीत पेटे आणि बरीच उष्णता तिच्या भिंतींतच मुरे. नव्या पद्धतीत ती वाचली. दोनच वर्षांनी, 1973 साली, जगभर तेलाचे भाव कडाडले. तेव्हा या बदलाचे मोल मालकांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नसावी.

त्यांच्या कारकीर्दीची खरी कसोटी शेवटी आली. 1980 नंतर टोयोटा, मित्सुबिशी, माझदा आणि निसान या जपानी कंपन्यांनी भारतीय भागीदारांबरोबर हलक्या मालमोटारी बाजारात उतरविल्या. त्या देखण्या होत्या, चपळ होत्या. टेल्कोला मोठ्या गाड्यांची सवय, लहान गाडीची नाही. तरी परदेशी आराखडा न घेता पुण्यातच बेतलेली 407 ही गाडी 1986 साली रस्त्यावर आली. त्या चार जोड्यांपैकी काहींची नावे आज जुन्या ड्रायव्हरांनाच आठवतात. 407 मात्र आपल्या बाजारात अजून उभी असते.

मुळगावकरांच्या पत्नी लीलाताई यांनी मुंबईत स्वेच्छा रक्तदानाचे कार्य उभे केले. त्यांचे चरित्र स्वतंत्र लेखाचा विषय आहे. 1988 साली सुमंतराव टेल्कोच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाले व 1989 साली त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, 1994 साली, कंपनीने एक नवी प्रवासी गाडी आणली आणि त्यांच्या नावाचे आद्याक्षर ‘सु’ व आडनावाचे ‘मो’ जोडून तिचे नाव ‘सुमो’ ठेवले. लग्नाच्या वऱ्हाडात त्या गाडीत दाटीवाटीने बसलेल्या मंडळींना ते नाव जपानी पहिलवानांवरून आले असेच वाटत असे.