रक्ताची ओळख पटविणारे कार्ल लँडस्टायनर

ज्येष्ठातील मंगळवारी अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर पाऊल ठेवावे, तर दोन्ही बाजूंस सरबताची पिंपे आणि पुरी-भाजीच्या पंगती दिसतात. कोणी कोणास नाव, गाव, जात विचारीत नाही. तहानलेला आला की पेला पुढे होतो. उत्तरेत स्थायिक झालेल्या आम्हां मराठी कुटुंबांनीही ही रीत केव्हाच आपली मानली आहे. परंतु एक दान असे आहे की, ते करताना देणाराही पारखावा लागतो आणि घेणाराही. ते रक्ताचे दान. ही पारख जगाला ज्यांनी शिकविली, त्या कार्ल लँडस्टायनर ह्यांचा जन्मदिवसही ह्याच सुमारास, १४ जूनला येतो. २००४ सालापासून तो जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

लखनौच्या मराठी मंडळींच्या स्मरणिकेत १९२६ साली येथे संगीत महाविद्यालय उभारणाऱ्या पंडित भातखंडे ह्यांचे स्मरण व्हावे, हे योग्यच आहे. ह्या सुवर्णमहोत्सवी अंकात मात्र आम्ही एका दूरदेशीच्या संशोधकाचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. आपल्या घरांतील कितीतरी मुले-मुली आज प्रयोगशाळा-तंत्रज्ञानाचे शिक्षण घेत आहेत. हे चरित्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

लँडस्टायनर ह्यांचा जन्म १८६८ साली व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी झाला. वडील नामांकित पत्रकार होते. पण मुलगा अवघा सहा वर्षांचा असतानाच ते निवर्तले. आईनेच त्याला वाढविले. १८९१ साली व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाल्यावर इतर तरुण डॉक्टरांप्रमाणे त्यांनी दवाखाना थाटला नाही. रसायनशास्त्राचे मर्म कळल्यावाचून शरीराचे कोडे सुटणार नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून झुरिच, वुर्झबुर्ग व म्युनिक येथील रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काढला. पुढे व्हिएन्नास परतून विकृतिशास्त्राच्या संस्थेत ते साहाय्यक झाले. दहा वर्षांत तीन हजारांवर शवविच्छेदने त्यांनी केली. ह्या कष्टाच्या नोकरीतून उरलेल्या वेळात त्यांचे खरे संशोधन चाले.

त्या काळी एकाचे रक्त दुसऱ्यास देणे हा निव्वळ जुगार होता. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये माणसाला मेंढराचे रक्त देण्याचे प्रयोग झाले आणि मृत्यू ओढवल्यावर ते बंद पडले. १८१८ च्या सुमारास लंडनच्या ब्लंडेल ह्यांनी माणसाला माणसाचेच रक्त देऊन पाहिले. काही रोगी वाचले, काही तडफडून गेले. असे का व्हावे, हे कोणास सांगता येईना. दुसऱ्याच्या रक्ताशी मिसळताच पेशींचे पुंजके होतात, हे पुष्कळांनी पाहिले होते. परंतु तो आजाराचा परिणाम असावा, असे समजून लोक पुढे जात.

लँडस्टायनर पुढे गेले नाहीत. त्यांनी रोग्यांचे नव्हे, तर निरोगी माणसांचे रक्त घेतले. स्वतःचे आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे रक्त काढून त्यांनी तांबड्या पेशी व रक्तरस वेगळे केले आणि प्रत्येकाच्या पेशी प्रत्येकाच्या रक्तरसाशी मिसळून पाहिल्या. कोठे पुंजके झाले, कोठे झाले नाहीत, ह्याचा त्यांनी साधा तक्ता मांडला. तक्ता पूर्ण होताच अंदाधुंदीत नियम दिसला. माणसांचे तीन गट पडत होते. १९०१ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी ह्या गटांना 'ए', 'बी' व 'सी' म्हटले. तिसऱ्यास पुढे 'ओ' हे नाव मिळाले. लँडस्टायनर स्वतः ह्याच तिसऱ्या गटाचे होते. 'एबी' हा चौथा गट १९०२ साली देकास्तेलो व स्तुर्ली ह्यांना आढळला.

नियम असा : 'ए' गटाच्या पेशींवर 'ए' हा प्रतिजन असतो आणि रक्तरसात 'बी'च्या विरुद्ध प्रतिपिंड असतात. 'बी' गटात ह्याच्या उलट. 'एबी'च्या पेशींवर दोन्ही प्रतिजन असतात व रक्तरसात ह्यांपैकी एकही प्रतिपिंड नसतो. 'ओ'च्या पेशींवर दोहोंपैकी एकही प्रतिजन नसतो, पण रक्तरसात दोन्ही प्रतिपिंड असतात. म्हणूनच रक्तपेढीत गट दोन बाजूंनी तपासतात : एकदा पेशी व एकदा रक्तरस. दोन्ही साक्षी जुळल्या, तरच निकाल लिहावयाचा.

एवढा मोठा शोध, पण कित्येक वर्षे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९०७ साली न्यूयॉर्कच्या ऑटनबर्ग ह्यांनी रक्त देण्यापूर्वी दाता व रोगी ह्यांचे रक्त जुळवून पाहिले, तेव्हा त्याचा व्यवहारात उपयोग सुरू झाला. १९१४-१५ मध्ये सोडियम सायट्रेटने रक्त न गोठता राहते असे दिसून आले आणि महायुद्धातील जखमींना त्याचा लाभ झाला. युद्धानंतरच्या व्हिएन्नात मात्र लँडस्टायनर ह्यांना संशोधनाची सोयच उरली नाही. १९१९ साली ते हॉलंडमधील हेग येथे एका छोट्या रुग्णालयात नोकरीस गेले. तेथून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांस बोलावून घेतले, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीपलीकडे गेले होते.

१९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरही त्यांनी हातातील काचनळी खाली ठेवली नाही. १९४० साली वीनर ह्यांच्यासह त्यांनी ऱ्हीसस घटकाचा शोध जाहीर केला. ऱ्हीसस-निगेटिव्ह आई व पॉझिटिव्ह बाळ ह्यांच्या बाबतीतील अनर्थाचा उलगडा त्यातून झाला. १९४३ च्या जूनमध्ये प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २६ जून रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या तक्त्यातील एक ओळ मात्र भरावयाची राहिली होती. ती आपल्या मुंबईत भरली गेली. १९५२ साली सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया ह्यांना अशी माणसे आढळली की, ज्यांच्या पेशी पाहता गट 'ओ' वाटावा, पण 'ओ' गटाचे रक्तही त्यांना चालेना. 'ए' व 'बी' हे प्रतिजन ज्या पायावर उभे राहतात, तो 'एच' प्रतिजनच त्यांच्या पेशींवर नव्हता. आणि रक्तरसात त्याच्या विरुद्ध प्रतिपिंड होते. हाच 'बॉम्बे' रक्तगट. अशा रोग्यास त्याच गटाचे रक्त लागते. केवळ पेशी तपासून थांबणाऱ्याला हा गट कधीच ओळखता येणार नाही. रक्तरस 'ओ' पेशींशीही तपासून पाहिला, तरच तो सापडतो.

येथे एक कबुली देणे आम्हांस भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या आप्तांपैकी एका बाळंतिणीस रात्री रक्ताची गरज पडली. जुन्या कार्डावर गट 'ए' होता व तोच मागणीपत्रात लिहिला गेला. रक्तपेढीतील तरुण मुलीच्या तपासणीत 'ओ' निघाला. तिने पिशवी देण्याचे नाकारून दुसरा नमुना मागितला. विलंबाने आम्ही सारे संतापलो आणि तिला नाही नाही ते बोललो. दुसऱ्या नमुन्यातही 'ओ'च निघाला. चूक कार्डाची होती. 'ए'चे रक्त दिले गेले असते, तर ह्या बाईच्या अंगातील प्रतिपिंडांनी त्या पेशी फोडल्या असत्या, मूत्रपिंडे निकामी झाली असती आणि बाळ आईवाचून राहिले असते. त्या मुलीची क्षमा मागण्याचे त्या गडबडीत राहून गेले, ही बोचणी आजही आहे.

लँडस्टायनर ह्यांचे चरित्र लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे तीच मुलगी होती. निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही, तर तो नजरेआड न करता पुन्हा तपासावा, एवढेच लँडस्टायनर आयुष्यभर करीत राहिले आणि तिनेही त्या रात्री तेच केले. आमच्या विद्यार्थ्यांनो, दिवसाला शंभर नमुने हाताखालून गेले, तरी प्रत्येक नळीवरील नाव वाचा, दोन्ही बाजूंची तपासणी करा आणि न जुळल्यास नातेवाईक कितीही ओरडले तरी पिशवी हातची सोडू नका. आणि आम्हां इतरांनी ज्येष्ठातील मंगळवारी सरबताचा पेला पुढे करतो, तितक्याच सहजपणे रक्तपेढीत हात पुढे करावा. पुढची पारख तेथील जाणत्यांवर सोपवावी.