कूस राखणारे धन्वंतरी : डॉ. वि. ना. शिरोडकर

गर्भवती स्त्रीविषयी बोलताना आपण ‘तिला दिवस गेले आहेत’ असे म्हणतो. गर्भधारणा आणि दिवसांची मोजणी यांचा संबंध आपल्या भाषेने असा सहजपणे टिपून ठेवला आहे. मात्र ज्या स्त्रीला दिवस जातच नाहीत, किंवा जाऊनही चौथ्या-पाचव्या महिन्यात सारे संपून जाते, तिच्यासाठी याच भाषेने ‘वांझोटी’सारखा कठोर शब्दही घडवला. अशा स्त्रीला ओटीभरणाचे आमंत्रण नसे. बारशाच्या पाळण्याजवळ तिने जाऊ नये, असा दंडक असे. नवससायास, उपासतापास, गंडेदोरे हे सगळे करून झाले की घरात सवत येई. दोष नेमका कोठे आहे, तो तिच्यात आहे की पतीत, आणि असलाच तर दूर होण्यासारखा आहे की नाही, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटत नसे. हा प्रश्न ज्यांनी शास्त्राच्या कसोटीवर विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी आपले शल्यकौशल्य पणाला लावले, त्यांत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

शिरोडकरांचा जन्म १८९९ साली गोव्यातील शिरोडा या गावी झाला. वि. स. खांडेकर जेथे शिक्षक होते ते शिरोडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. हे शिरोडा फोंडे तालुक्यातले, कामाक्षी देवीच्या देवस्थानाचे. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अंमलाखाली होता. शिरोडकरांचे शालेय शिक्षण हुबळी येथे झाले. हुबळी आज कर्नाटकात असली तरी तेव्हा ती मुंबई इलाख्याचाच भाग होती. पुढे वैद्यकाच्या अभ्यासासाठी ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १९२३ मध्ये त्यांनी एम.बी.बी.एस. आणि १९२७ मध्ये प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्र या विषयात एम.डी. ही पदवी मिळवली. त्यानंतर ते इंग्लंडला गेले आणि १९३१ मध्ये शल्यचिकित्सेतील एफ.आर.सी.एस. होऊन परतले. ज्या महाविद्यालयात ते शिकले, तेथेच पुढे प्राध्यापक झाले.

शिरोडकर विद्यार्थी होते तेव्हा स्त्रीच्या शरीरात गर्भधारणेचा काळ नेमका कोणता, हेच वैद्यकाला निश्चित ठाऊक नव्हते. आपल्याकडील जुन्या ग्रंथांनी पाळीच्या पहिल्या दिवसापासून सोळा रात्रींना ऋतुकाल मानले होते. पाश्चात्त्य डॉक्टरांतही मतभेद होते. पाळीच्या मागचे-पुढचे दिवसच सर्वांत फलदायी, असे मानणारे त्यांत पुष्कळ होते. शिरोडकरांनी पदवी घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, जपानचे डॉ. क्यूसाकू ओगिनो यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. काही वर्षांतच ऑस्ट्रियाचे डॉ. हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाजवळ पोहोचले. स्त्रीबीज बाहेर पडते ते पुढची पाळी येण्याच्या सुमारे चौदा दिवस आधी, हे त्यातून समजले. मोजणी मागच्या पाळीपासून नव्हे, तर येणाऱ्या पाळीपासून उलटी करावयाची, ही यातली खरी मेख होती.

हा हिशेब आज अधिक नेमका झाला आहे. बीजकोशातून बाहेर पडलेले स्त्रीबीज जेमतेम बारा ते चोवीस तास टिकते. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्यापूर्वीचे पाच दिवस, असे सहाच दिवस महिन्यात गर्भधारणेला अनुकूल असतात. अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीचे बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटेल. पस्तीस दिवसांनी येणाऱ्या स्त्रीचे एकविसाव्या दिवसाच्या आसपास. या दिवसांची खूण शरीरही देते. अंगावरून जाणारा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ, चिकट आणि ताणला जाणारा होतो. बीज सुटून गेल्यावर सकाळी अंथरुणातच मोजलेले तापमान अर्ध्या अंशाच्या आतबाहेर वाढते आणि पुढची पाळी येईपर्यंत तसेच राहते. अर्थात तापमानावरून बीज सुटून गेल्याचे कळते, सुटणार असल्याचे नव्हे. म्हणून दोन-तीन महिने नोंद ठेवल्यावरच तिचा उपयोग होतो. औषधांच्या दुकानात मिळणारी लघवीच्या तपासणीची पट्टी एक-दीड दिवस आधी सूचना देते. ज्यांची पाळी अनियमित असते, त्यांना केवळ दिनदर्शिकेवर विसंबून चालत नाही.

दिवस मोजण्याच्या या विद्येचा एक मोठा प्रयोग बेंगळुरूजवळ झाला होता. त्याची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. मूल केव्हा व्हावे हा प्रश्न म्हैसूर संस्थानाला नवा नव्हता. तेथील सरकारने १९३० मध्येच संततिनियमनाची सरकारी केंद्रे उघडण्याचा आदेश दिला होता. १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने रामनगर येथे स्त्रियांना ऋतुचक्र मोजण्यास शिकवण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांसाठी अमेरिकेतील डॉ. अब्राहम स्टोन यांनी रंगीत मण्यांची माळ योजली होती. रोज एक मणी सरकवायचा. मण्याच्या रंगावरून दिवस फलदायी की नाही, ते ओळखायचे. युक्ती सुरेख होती, पण संसार तिच्याहून गुंतागुंतीचा निघाला. मणी उलट्या दिशेला सरकत. मुले ते ओढत. रात्रीच्या अंधारात रंग ओळखू येत नसत, म्हणून पुढे मण्यांचे आकारही वेगळे करावे लागले. तेथे हे ज्ञान मूल टाळण्यासाठी दिले जात होते. मूल हवे असणाऱ्या स्त्रीला तीच माळ उलट अर्थाने वाचता आली असती, आणि माळेचा हा दुसरा उपयोग अधिक भरवशाचा ठरला असता, असे म्हणावेसे वाटते.

परंतु दिवस अचूक कळूनही वाटच अडलेली असेल तर? बीजकोशाजवळून गर्भाशयाकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात. त्यांना बीजवाहिन्या म्हणतात. स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांची भेट तेथेच होते. जंतुसंसर्गाने, विशेषतः आपल्या देशात क्षयरोगाने, या नळ्या बंद होतात. स्त्रीला बाहेरून काहीही जाणवत नाही. पाळी नियमित येते, प्रकृती ठणठणीत असते आणि कूस मात्र उजवत नाही. अशा बंद नळ्या शस्त्रक्रियेने मोकळ्या करण्याचे काम शिरोडकरांनी चिकाटीने केले. त्यात यशाची खात्री देता येत नसे. नळी उघडली तरी ती पुन्हा चिकटण्याची भीती असे, आणि उघडी राहिली तरी तिचे आतले नाजूक अस्तर जायबंदी झालेले असे. तरीही अपत्यहीनतेवर हातात सुरी घेऊन उपाय करता येतो, हा विश्वास त्या काळी नवा होता. नळ्यांना वळसा घालून शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचे तंत्र यशस्वी झाले ते १९७८ मध्ये, शिरोडकरांच्या निधनानंतर सात वर्षांनी.

शिरोडकरांच्या विचारांची दिशा त्यांच्या आणखी एका शस्त्रक्रियेत दिसते. अंग बाहेर येणे हा विकार म्हातारपणाचा समजला जातो, पण आपल्याकडे तो तरुण, क्वचित मूल न झालेल्या स्त्रियांनाही होतो. त्यावरील रूढ शस्त्रक्रियेत गर्भाशयाचे मुख कापून टाकत. त्याने तक्रार थांबे, पण पुढे गर्भ राहण्याची आणि टिकण्याची शक्यता घटे. शिरोडकरांनी मुख न कापता आधार देणारे बंध घट्ट करण्याची पद्धत बसवली. आजार बरा करताना बाईचे आई होणे हिरावले जाऊ नये, हा त्यामागचा विचार होता.

आता ज्या कामाने त्यांचे नाव जगभर झाले, त्याकडे वळू. काही स्त्रियांना गर्भ राहण्यात अडचण नसते. अडचण असते तो टिकण्यात. तिसरा महिना सुखरूप जातो, बाळ पोटात हालू लागते, घर आनंदात असते; आणि चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान, फारशा कळाही न येता, गर्भ निसटतो. हेच दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळी, पाचव्या वेळी घडते. त्या काळचे डॉक्टर अशा स्त्रीला महिनोन्महिने अंथरुणावर झोपवून ठेवत, संप्रेरकांची इंजेक्शने देत. तरीही गर्भ जाई. मग कधी तिच्या चालण्याफिरण्याला, कधी तिच्या नशिबाला बोल लावला जाई.

शिरोडकरांनी नशीब बाजूला ठेवून स्त्रीला तपासले. गर्भारपणात पुन्हा पुन्हा तपासणी करून गर्भाशयाच्या मुखात काय बदल होतो, ते त्यांनी बोटांनी जाणून घेतले. त्यांच्या ध्यानात आले की या स्त्रियांपैकी काहींच्या गर्भाशयमुखाचा आतला भागच कमकुवत असतो. गर्भ वाढून भार पडू लागला की तो वेळेआधीच उघडतो. गर्भात दोष नाही, गर्भाशयातही नाही. दोष आहे तो दारात. पैशांच्या बटव्याची नाडी सैल झाली तर नाणी चांगली असूनही गळणारच. तेव्हा नाडी आवळली पाहिजे.

ही नाडी त्यांनी रुग्णाच्याच शरीरातून घेतली. मांडीच्या स्नायूंवर एक चिवट पांढरे आवरण असते. त्याची पट्टी काढून ती गर्भाशयमुखाभोवती, आतल्या दाराच्या पातळीवर, वेढून बांधायची. त्यासाठी योनिमार्गातून पुढच्या बाजूला मूत्राशय अलगद वर सारावे लागे आणि मागच्या बाजूलाही वाट करावी लागे. पट्टी बांधून झाली की वरचे आवरण शिवून ती झाकून टाकत. पुढे मांडीच्या पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची फीत वापरली जाऊ लागली. पोटावर छेद नाही, गर्भाशयाला धक्का नाही; गर्भ आत वाढतच राहतो.

१९५५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. लंडन-न्यूयॉर्कच्या नामांकित नियतकालिकाऐवजी एका भारतीय मासिकात ती प्रथम छापली गेली, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. शस्त्रक्रियेची कीर्ती तेथून दूरवर गेली. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातील डॉ. इयान मॅकडोनल्ड यांनी तीच कल्पना सोप्या टाक्याच्या रूपात मांडली. आज दोन्ही पद्धती वापरात आहेत आणि जगभरचे डॉक्टर त्यांतील पहिलीला ‘शिरोडकर टाका’ याच नावाने ओळखतात. १९६० मध्ये शिरोडकरांचा आपल्या शस्त्रक्रियांविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान लाभला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

हेच शिरोडकर कुटुंबनियोजनाच्या चळवळीशीही जोडलेले होते. काहींना यात विसंगती वाटेल. एका हाताने मूल होण्यासाठी शस्त्रक्रिया करायची आणि दुसऱ्या हाताने मुले थांबवण्याचा प्रचार करायचा! वास्तविक दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपल्या कुशीत केव्हा आणि किती वेळा गर्भ वाढावा, हे दैवाने नव्हे तर त्या स्त्रीने ठरवावे. लोकसंख्येची चिंता वाहणाऱ्या त्या दशकांत अपत्यहीन स्त्रीचे दुःख कोणाच्याच योजनेत बसत नव्हते. शिरोडकरांच्या योजनेत ते बसले.

आज अपत्य हवे असलेल्या दांपत्याने वर्षभर वाट पाहूनही गर्भ राहिला नाही तर डॉक्टरांकडे जावे, असे सांगितले जाते. स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिनेच पुरेत. तपासणी दोघांचीही व्हायची असते. पुरुषाच्या वीर्याची तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त. तरी ती टाळून बायकोच्याच चाचण्या वर्षानुवर्षे करणारी घरे आजही आहेत. गर्भ राहण्याआधीपासूनच फॉलिक आम्लाची गोळी रोज घ्यावी, तंबाखू आणि मिश्री सोडावी, हेही डॉक्टर सांगतात.

आणि ज्या स्त्रीचे गर्भ पूर्वी असेच निसटले आहेत, तिच्या गर्भाशयमुखाची लांबी आता सोनोग्राफीने मोजता येते. चोविसाव्या आठवड्यापूर्वी ती पंचवीस मिलिमीटरच्या खाली आली तर टाक्याचा विचार होतो. इतिहास स्पष्ट असेल तर बाराव्या ते चौदाव्या आठवड्यातच टाका घालतात. सगळ्याच गर्भपातांवर तो उपाय नव्हे. पहिल्या तीन महिन्यांत जाणारा गर्भ बहुधा इतर कारणांनी जातो. टाका घातल्यावर स्त्री घरी जाते, बेताने कामे करते, पुन्हा दिवस मोजते. छत्तिसावा-सदतिसावा आठवडा आला की ती रुग्णालयात येते. बाळ सिझेरियनने जन्माला येणार नसेल, तर डॉक्टर झाकलेली फीत शोधून कात्रीने तिची गाठ कापतात, आणि इतके दिवस आवळून धरलेले दार मोकळे होते.