यंत्र कोणाच्या हाती? बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

भुसावळच्या जयंती मिरवणुकीत आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. रेल्वे आणि दीपनगरच्या वीज केंद्रावर जगणाऱ्या आपल्या गावाने त्यांची आणखी एक ओळख जपली पाहिजे : यंत्र, वीज आणि पाण्याचे धोरण आखणारे बाबासाहेब.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकले. १९१८ साली शेतीच्या तुकड्यांवर त्यांनी निबंध लिहिला. त्यात त्यांनी उद्योग वाढवून शेतीवर अडकलेल्या जादा हातांना काम द्यावे, असा उपाय सांगितला.

पण कारखान्यातही जात होतीच. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते आपल्या माणसांना बंद होते. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्याच लोहमार्गावरील मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. गँगमन म्हणून लागलेला आपला माणूस गँगमन म्हणूनच मरतो, हे त्यांनी तिथे मांडले. त्याला हमालाची नोकरीही मिळत नसे, कारण स्टेशन मास्तर हमालाकडून घरकाम करून घेत.

यंत्र जात पाळत नाही. यंत्रावर माणूस नेमणारा पाळतो. म्हणून बाबासाहेब धोरण ठरते तिथे पोहोचले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर ठेवून दामोदर नदीचा पूर, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार त्यांच्या खात्याने केला. त्यातूनच १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. एकीकडे वीज, दुसरीकडे कामगाराचा हक्क. दोन्ही त्यांनी एकाच हाताने पुढे नेले.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. प्रश्न मात्र आपल्यापुढे आहे. कायम नोकरीवर कोण, कंत्राटावर कोण? संगणकासमोर कोण, गटारात कोण? भरतीच्या जाहिराती आणि कंत्राटाच्या अटी आपण वाचू या, माहितीचा अधिकार वापरू या, आपल्या मुलामुलींना तंत्रशिक्षणाकडे नेऊ या. मिरवणुकीनंतर उरलेले वर्षभराचे काम हेच आहे.

जयभीम!