वादळाचें नामकरण करणारा नाविक : हेन्री पिडिंग्टन

समुद्रकांठीं राहणाऱ्या लोकांस वादळ हें कांहीं अपरिचित नाहीं. तथापि वादळांतील वारा कोणत्या नियमानें वाहतो, हें शोधून काढून तें ज्ञान साध्या खलाशाच्या हातीं देणारे पुरुष फार थोडे झाले. सायक्लोन हा शब्द आज आपण वर्तमानपत्रांत नित्य वाचतों. तो ज्यांनीं प्रथम योजिला त्या हेन्री पिडिंग्टन यांचें चरित्र आमच्या वाचकांस सादर करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

पिडिंग्टन यांचा जन्म इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत ७ जानेवारी १७९७ रोजीं झाला. तरुणपणीं ते व्यापारी जहाजांवर राहिले आणि हिंदी महासागर व चीनचा समुद्र यांतून प्रवास करीत कप्तानाच्या पदास पोहोंचले. पुढें त्यांनीं कलकत्त्यास कायमचें वास्तव्य केलें. तेथील भूगर्भविषयक संग्रहालयाचे ते व्यवस्थापक होते, आणि १८३२ सालीं त्यांनीं हिंदुस्थानांतील वनस्पतींची एक सूची प्रसिद्ध केली होती. परंतु त्यांच्या आयुष्यास खरें वळण लावणारें काम निराळेंच होतें. अपघात पावलेल्या जहाजांची चौकशी करणाऱ्या न्यायसभेचे ते अध्यक्ष होते. त्यामुळें मोडक्या डोलकाठ्यांची, फाटलेल्या शिडांची व बुडालेल्या माणसांची हकीकत त्यांच्यासमोर वारंवार येई. यांपैकीं किती जीव केवळ अज्ञानामुळें गेले असतील, हा प्रश्न त्यांच्यासारख्या जुन्या नाविकाच्या मनास टोंचल्यावांचून कसा राहील ?

त्या काळीं वादळाविषयीं नवे विचार नुकतेच पुढें येत होते. अमेरिकेंतील विल्यम रेडफील्ड यांनीं १८२१ सालच्या एका वादळानंतर असें पाहिलें होतें कीं, एका प्रांतांतील झाडें एका दिशेस उलथून पडलीं आहेत, तर दुसऱ्या प्रांतांतील नेमकीं उलट दिशेस. यावरून वादळ म्हणजे सरळ धांवणारा वारा नसून एक प्रचंड भोंवरा आहे, असें अनुमान त्यांनीं काढिलें. पुढें १८३८ सालीं विल्यम रीड यांनीं वादळांच्या नियमांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ वाचून पिडिंग्टन यांनीं हिंदी समुद्रांतील वादळांचा शोध हातीं घेतला.

त्यांची रीत साधी पण कष्टाची होती. प्रत्येक जहाजावर रोजनिशी असते, व तींत वाऱ्याची दिशा, वायुभारमापक यंत्राचा अंक आणि जहाजाचें स्थान हीं लिहिलेलीं असतात. एका वादळांत सांपडलेल्या अनेक जहाजांच्या रोजनिशा गोळा करून, त्यांतील नोंदी नकाशावर मांडून, वादळाचा मध्य कोणत्या दिवशीं कोठें होता हें ते ठरवीत. १८३९ सालच्या बंगालच्या उपसागरांतील वादळांपासून त्यांनीं ह्या कामास आरंभ केला, आणि त्यांचे वीसांहून अधिक निबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत प्रसिद्ध झाले. ह्या रोजनिशांपैकीं एक तर विलक्षणच होती. फेब्रुवारी १८४५ मध्यें चार्ल्स हेडल नांवाचें जहाज मॉरिशसहून निघाल्यावर वादळांत सांपडलें. वारा पाठीशीं घेऊन तें पांच दिवस पळत राहिलें. पिडिंग्टन यांनीं त्याचा मार्ग नकाशावर काढून पाहिला, तों तें सर्व वेळ वादळाच्या मध्याभोंवतीं घाण्याच्या बैलाप्रमाणें फेरे घालीत होतें, असें दिसून आलें ! वादळ वर्तुळाकार फिरतें ह्यास याहून उत्तम पुरावा तो कोणता ?

१८४४ सालीं त्यांनीं नाविकांकरितां एक लहान पुस्तक काढिलें आणि १८४८ सालीं तेंच वाढवून पुन्हां छापिलें. इंग्लंडांत मुलांच्या मुळाक्षरांच्या पाटीवर शिंगाचा पातळ पापुद्रा बसवीत; त्या पाटीचेंच नांव त्यांनीं आपल्या पुस्तकास दिलें. पुस्तकासोबत पारदर्शक शिंगाच्या दोन चकत्या असत, एक उत्तर गोलार्धाची व दुसरी दक्षिण गोलार्धाची. चकती नकाशावर ठेविली कीं वादळाचा मध्य कोणीकडे आहे व जहाज कोणत्या बाजूस न्यावें, हें कप्तानास पाहतां येई. उत्तर गोलार्धांत वाऱ्याकडे तोंड करून उभें राहिलें असतां मध्य उजव्या हातास असतो, आणि दक्षिण गोलार्धांत डाव्या हातास. एवढें सूत्र पाठ झालें तरी कित्येक जहाजें वांचण्यासारखीं होतीं. ह्याच १८४८ च्या ग्रंथांत त्यांनीं सायक्लोन हा शब्द सुचविला. सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनीं तो बनविला. वेटोळें गोल खरें, पण अगदीं रेखीव वर्तुळ नव्हे. म्हणून तो शब्द त्यांस योग्य वाटला. वारा मध्याकडे थोडा वळत आंत शिरतो, हें पुढें मॉरिशसचे चार्ल्स मेल्ड्रम इत्यादिकांनीं दाखविलें व वरील सूत्रांत दुरुस्ती केली. परंतु मूळ पायरी पिडिंग्टन यांचीच होय.

आतां त्यांच्या चरित्रांतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग सांगतों. हुगळी नदी गाळानें भरत आहे अशी भीति वाटून सरकारनें मातला नदीवर, सुंदरबनाच्या प्रदेशांत, नवें बंदर वसविण्याचा बेत केला. पिडिंग्टन यांनीं १८५३ सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांस पत्र लिहून सावध केलें. वादळाच्या जोरानें समुद्राचें पाणी उपसागराच्या उथळ टोंकाकडे रेटलें जातें व नदीच्या मुखांत शिरून एकाएकीं चढतें. असा लोंढा एके दिवशीं ह्या वसाहतीवर येईल व ती पांचपासून पंधरा फूट पाण्याखालीं जाईल, असें त्यांनीं स्पष्ट कळविलें. परंतु ह्या इशाऱ्यानें सरकारचा बेत बदलला नाहीं.

पिडिंग्टन १८५८ सालीं कलकत्त्यास निवर्तले. मातलेवर पोर्ट कॅनिंग नांवाचें बंदर उभें राहिलें. धक्के बांधले गेले, आगगाडीही आली. ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं भयंकर वादळाच्या लोंढ्यानें हुगळीच्या कांठीं हजारों माणसें गिळलीं. त्यानंतर तीन वर्षांनीं, नोव्हेंबर १८६७ मध्यें, पोर्ट कॅनिंगवर लोंढा आला आणि त्या बंदराची धूळधाण केली. पुढें तें बंदर सोडून द्यावें लागलें. त्या वेळीं पिडिंग्टन यांस जाऊन नऊ वर्षें लोटलीं होतीं !

तथापि त्यांचें कार्य वायां गेलें नाहीं. १८६५ पासून कलकत्ता बंदरास वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था झाली आणि १८७५ सालीं हिंदुस्थानचें हवामान खातें स्थापन झालें. आज कृत्रिम उपग्रह आकाशांतून वादळाचें वेटोळें प्रत्यक्ष दाखवितात. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां त्याची वर्दी आधींच मिळाली होती व कांठावरील हजारों लोकांस सुरक्षित स्थळीं हलविण्यांत आलें. नारळीपोफळीच्या बागा व घरांचीं छपरें गेलीं, परंतु बहुतेक माणसें वांचलीं.

पिडिंग्टन यांच्या चरित्रापासून विद्यार्थ्यांनीं दोन गोष्टी घ्याव्या असें आम्हांस वाटतें. दुसऱ्यांच्या संकटांच्या नोंदी धीरानें वाचून त्यांतून सर्वांच्या उपयोगाचें ज्ञान काढतां येतें, ही एक. आणि दुसरी ही कीं, वादळाचें भाकीत करणारा कितीही थोर असो, ऐकणाऱ्यानें कान दिला तरच त्याच्या विद्येनें माणसें वांचतात. मातलेच्या चिखलांत बुडालेलें बंदर ह्याची साक्ष देत आहे.